'फोर बाय फोर तेल पिते' या समजुतीची शहानिशा व्हावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाहनखरेदीविषयी मार्गदर्शन करणारा लेख वाचला. लेख एकंदरीत उपयुक्त आहे, परंतु कच्च्या वाटांवर चालणाऱ्या एसयूव्हीबद्दल त्यात एक सल्ला सरसकट देऊन टाकला आहे, तो असा की, चारही चाकांना ताकद देणारी, म्हणजे 'फोर बाय फोर', गाडी घ्यायची असेल तर ॲव्हरेजची आशा सोडावी. हाच सल्ला शोरूममध्ये मिळतो, गॅरेजमध्ये मिळतो आणि लग्नकार्यात भेटणारे नातेवाईकही तो हमखास देतात. मी अनेक वर्षे तंत्रनिकेतनात वाहन अभियांत्रिकी शिकवली आहे, त्यामुळे या विषयावर मला तळमळीने लिहावेसे वाटते. चारचाकी चालनाचा, म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना देण्याचा, इंधनखर्चातला वाटा खरा आहे, हे मी नाकारत नाही. मात्र तो मर्यादित आहे, मोजता येण्याजोगा आहे, आणि ज्या मोठ्या फरकाचे खापर त्या यंत्रणेवर फोडले जाते त्यातला बराचसा भाग गाडीचा आकार, टायर, इंजिन, गिअरची गुणोत्तरे आणि चालकाचा वेग यांचा असतो.

आधी यंत्रणा समजून घेऊ. थार, जिम्नी, गुरखा यांसारख्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी, असते आणि तिची वेगळी दांडी चालकाजवळ असते. साध्या रस्त्यावर दांडी टू-एचवर असते, म्हणजे इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांकडे जाते. दांडी फोर-एचवर टाकली की पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा फिरता दांडा) मागच्याशी घट्ट जोडला जातो, आणि फोर-एलवर तीच ताकद आणखी एका गिअरमधून जाऊन चाके हळू पण जोराने फिरतात. यालाच गरजेपुरते फोर बाय फोर म्हणतात. ग्रँड व्हिटारा, कंपास किंवा एक्सयूव्ही ७०० यांच्या ऑल-व्हील ड्राइव्हची रचना वेगळी असते. तेथे पुढची चाके नेहमीच चालतात आणि मागच्या डिफरन्शियलजवळचा (वळणावर चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या दातेरी यंत्रणेजवळचा) क्लच गरज पडेल तेव्हा संगणकाच्या हुकमाने मागच्या चाकांना ताकद देतो. तिसरा प्रकार डिफेंडरसारख्या गाड्यांचा, ज्यांत मध्यभागी एक जादा डिफरन्शियल असते आणि चारही चाके कायम चालती असतात.

या तिन्ही प्रकारांत इंधन नेमके कुठे जाते? पहिली गोष्ट वजनाची. ट्रान्सफर केस, पुढचे किंवा मागचे जादा डिफरन्शियल, जादा शाफ्ट आणि त्यांना धरून ठेवणारे लोखंड हे सारे प्रत्येक चढावर आणि प्रत्येक सिग्नलवर पुन्हा पुन्हा ओढावे लागते. दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची, ती म्हणजे नुसत्या फिरण्यात जाणारी ताकद. इंजिनाकडून आलेली गती काटकोनात वळवून चाकांना द्यायची तर हायपॉइड दातांची चाके वापरावी लागतात. हे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर घसरतातही, आणि त्यांना जाड तेलात बुडवून ठेवावे लागते. ते तेल घुसळण्यात शक्ती खर्च होते. गाडी टू-एचमध्ये असतानाही पुढची चाके रस्त्यावर फिरतच असतात आणि त्यांच्याबरोबर पुढचे डिफरन्शियल व पुढचा शाफ्ट विनाकारण फिरत राहतो, जोपर्यंत चाकांपाशी त्यांची जोड तोडण्याची सोय नसते. १९८५ साली आलेल्या जिप्सीत आणि जुन्या जीपगाड्यांत ही सोय होती. पुढच्या चाकाच्या मध्यभागी असलेला हब हाताने फिरवून मोकळा करता येत असे. भर पावसात खाली उतरून तो फिरवण्याचा लोकांना कंटाळा येई, म्हणून पुढे आपोआप जुळणारे हब आले. ही जोड तोडण्याची सोय आहे की नाही, यावर टू-एचमधल्या इंधनखर्चाचा फरक बराच अवलंबून असतो, आणि तरीही खरेदीच्या वेळी हा प्रश्न विचारणारा ग्राहक मी क्वचितच पाहिला आहे.

आता आकडे. इंजिन तेच, गिअरबॉक्स त्याच प्रकारचा, गाडी तीच, आणि फरक फक्त चालनाचा, अशा जोड्या आपल्या बाजारात थोड्या आहेत, पण आहेत. ग्रँड व्हिटाराच्या १.५ लिटर माइल्ड हायब्रिड (इंजिनाला विजेच्या छोट्या मोटरीची थोडी मदत असलेल्या) मॅन्युअल गाडीचा प्रमाणित आकडा लिटरला २१.११ किलोमीटर आहे. त्याच गाडीच्या ऑलग्रिप, म्हणजे चारही चाके चालणाऱ्या, मॅन्युअल प्रकाराचा आकडा १९.३८ असा दिला गेला होता. २०१७ साली पुण्याजवळच्या रांजणगावला बनू लागलेल्या कंपास डिझेल मॅन्युअलचा आकडा दोन चाकांच्या प्रकाराला १७.१ आणि चार चाकांच्या प्रकाराला १६.३ असा दिला गेला होता. किलोमीटर प्रतिलिटर हे माप अशा तुलनेत डोळ्यांना फसवते, म्हणून मी ते शंभर किलोमीटरला लागणाऱ्या इंधनात बदलतो. ग्रँड व्हिटाराला ४.७४ लिटरऐवजी ५.१६ लिटर लागतात, म्हणजे सुमारे ९ टक्के जास्त. कंपासला ५.८५ ऐवजी ६.१३ लिटर लागतात, म्हणजे सुमारे ५ टक्के जास्त. कंपासमध्ये गरज नसेल तेव्हा मागच्या एक्सलची जोड तोडण्याची व्यवस्था आहे. तिच्यातला फरक कमी राहण्याचे ते एक कारण असावे, असे मला वाटते.

वर्षाला १०,००० किलोमीटर चालवणाऱ्या माणसाच्या हिशेबात हे बसवून पाहावे. ग्रँड व्हिटाराच्या बाबतीत सुमारे ४२ लिटर पेट्रोल जास्त जाते. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरले तर वर्षाला साधारण ४,४०० रुपये. कंपासच्या बाबतीत सुमारे २९ लिटर डिझेल जास्त, म्हणजे ९० रुपये दराने साधारण २,६०० रुपये. ही रक्कम क्षुल्लक आहे असे मी म्हणत नाही. पण ज्याचे शेत, वाडी किंवा कामाचे ठिकाण पावसाळ्यात चिखलाच्या वाटेपलीकडे आहे, त्याने एकदा गाडी काढायला ट्रॅक्टर बोलावला तर त्यातला मोठा भाग तिथेच संपतो. दोन्ही आकडे समोर ठेवून ग्राहकाने आपापला निर्णय करावा. मात्र आकडे न देता 'ॲव्हरेजची आशा सोडा' असे सांगणे मला योग्य वाटत नाही.

मग लोकांना रस्त्यावर दिसणारा मोठा फरक येतो कुठून? बहुतेक वेळा चुकीची जोडी लावण्यातून. थारचे उदाहरण घ्या. जानेवारी २०२३ मध्ये तिचा मागच्या चाकांवर चालणारा प्रकार आला आणि गावोगावी तुलना सुरू झाली की, टू-व्हील ड्राइव्ह थार किती देते आणि फोर बाय फोर किती देते. परंतु त्या स्वस्त डिझेल प्रकारात १,४९७ सीसीचे इंजिन आहे, तर फोर बाय फोर डिझेलमध्ये २,१८४ सीसीचे. येथे चालन बदलले आहे, इंजिनही बदलले आहे आणि वजनही बदलले आहे. जो फरक मिळेल तो सगळा फोर बाय फोरच्या नावावर लिहिणे म्हणजे परीक्षेत दोन प्रश्नांचे गुण एकाच प्रश्नासमोर मांडण्यासारखे आहे. चालनाचा वाटा पाहायचा असेल तर दोन लिटर पेट्रोल ऑटोमॅटिक थारचे दोन प्रकार समोरासमोर ठेवावे लागतील, कारण तेथे इंजिन एकच आहे. त्या स्वस्त डिझेल प्रकाराची किंमत कमी असण्यामागेही फोर बाय फोरचा अभाव हे एकमेव कारण नव्हते. चार मीटरच्या आत लांबी आणि १,५०० सीसीच्या आत डिझेल इंजिन असलेल्या गाडीवरचा कर कमी आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटी दरांतही असा फरक १८ आणि ४० टक्के इतका मोठा आहे. करआकारणी इंजिन आणि लांबी पाहते, किती चाके चालतात ते पाहत नाही.

दुसरे उदाहरण जिम्नीचे. तिचा प्रमाणित आकडा मॅन्युअलला १६.९४ आणि ऑटोमॅटिकला १६.३९ आहे. ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप आणि जिम्नी या दोन्ही गाड्यांवर एकाच कंपनीचे चिन्ह आहे, दोन्हींत दीड लिटरचे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आहे, दोन्हींत चारही चाकांना ताकद मिळते, आणि तरीही जिम्नीला सुमारे १४ टक्के इंधन जास्त लागते. हा फरक चारचाकी चालनाचा असू शकत नाही, कारण ते दोन्हींकडे आहे. जिम्नीचे वजन सुमारे १,२०० किलो, म्हणजे ती काही अवजड गाडीही नव्हे. तिचे इंजिन जुन्या पिढीचे आहे, त्याला माइल्ड हायब्रिडची मदत नाही, ताकद मागच्या चाकांकडे हायपॉइड दातांतून जाते, गिअरची गुणोत्तरे चढावाच्या सोयीने ठेवलेली आहेत, आणि तिचा चौकोनी उभा चेहरा वाऱ्याला सरळ अंगावर घेतो. कच्च्या वाटेवर तिला जे गुण उपयोगी पडतात, त्यांतले कित्येक पक्क्या रस्त्यावर इंधन मागतात. त्या सर्वांना मिळून 'फोर बाय फोर' असे एकच नाव लोक देतात, आणि सारा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

वाऱ्याचा मुद्दा आपल्याकडे आता विशेष महत्त्वाचा झाला आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि त्यावर मोटारींना सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. हवेचा अडसर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १२० वर गेले की तो सव्वादोन पट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती तीन पटींहून अधिक होते. उभी काच, सपाट बॉनेट, बाहेर लटकलेले सुटे चाक, आणि वर हौसेने बसवलेले कॅरियर असलेली गाडी १२० ने पळवल्यावर टाकीचा काटा भराभर खाली येतो, यात नवल नाही. त्या वेगाला पुढच्या एक्सलमध्ये फिरणाऱ्या तेलाचा वाटा हवेच्या तुलनेत लहान राहतो. मागच्या चाकांवर चालणारी तशीच चौकोनी गाडीसुद्धा तेथे तितकीच तहानलेली निघते. प्रमाणित आकड्यांत मात्र हे दिसत नाही, कारण भारतीय चाचणीचक्र ११८० सेकंदांचे आहे, त्यातला सर्वाधिक वेग ताशी ९० किलोमीटर आहे आणि सरासरी वेग शहरातल्या गर्दीच्या जवळ जाणारा आहे.

टायरांबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. खोल खाचांचे ऑल-टेरेन किंवा चिखलासाठीचे टायर पक्क्या रस्त्यावर जास्त लोळणरोध, म्हणजे टायर लोळताना होणारा अडथळा, निर्माण करतात. त्यातही मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले की आणखी एक गंमत होते. टायरचा परीघ ५ टक्क्यांनी वाढला तर गाडी प्रत्यक्ष जितकी जाते त्यापेक्षा मीटर सुमारे ५ टक्के कमी अंतर दाखवतो, आणि ॲव्हरेज प्रत्यक्षात पडले असेल त्याहून जास्त पडल्यासारखे वाटते. समुद्रकिनारी वाळूत जाण्यासाठी हवा कमी करणारे अनेकजण परतीच्या वाटेवर ती भरून घेत नाहीत. इंधन तर जातेच, शिवाय तापलेला टायर फुटण्याचा धोकाही असतो.

आता चालकाच्या हातातल्या दांडीविषयी. पावसात घाट चढताना 'सुरक्षित वाटते' म्हणून फोर-एच टाकून ठेवणारे आणि घाट संपल्यावरही तसेच पुढे जाणारे बरेच लोक आहेत. गरजेपुरत्या फोर बाय फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसते. वळणावर पुढची चाके मागच्यापेक्षा लांबचा मार्ग कापतात, त्यांना वेगळ्या गतीने फिरायचे असते, पण यंत्रणा त्यांना तसे फिरू देत नाही. चिखलात किंवा सुट्या खडीवर चाक जरासे घसरून हा ताण निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघत नाही, म्हणून शाफ्ट आणि दाते पिळले जातात, टायर घासतात, स्टिअरिंग जड होते आणि इंधनही व्यर्थ जाते. नंतर दांडी फोर-एचमधून निघता निघत नाही आणि गाडी थोडी मागे घेऊन ताण सोडवावा लागतो. घाटातल्या बंद वळणांवर हा प्रकार सर्वांत वाईट. अशा चालकाला जे ॲव्हरेज मिळते ते त्या गाडीचे खरे ॲव्हरेज नव्हे, आणि त्याच्या अनुभवावरून इतरांनी मत बनवू नये.

याची उलट बाजू मात्र कोणी सांगत नाही. मऊ जमिनीवर चारही चाके चालवल्याने इंधन वाचू शकते. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत पहिला पाऊस झाला की मागची दोनच चाके चालणारी गाडी जागच्या जागी चाके फिरवते. चाके ३० टक्के घसरत असतील तर शंभर मीटर पुढे जाण्यासाठी ती १४३ मीटर फिरतात. चारही चाकांवर भार वाटला गेला आणि घसरण १० टक्क्यांवर आली, तर १११ मीटर फिरून तेवढेच अंतर कापले जाते. आपल्या शेतकऱ्यांना हे कोणी शिकवावे लागत नाही. ट्रॅक्टरचे पुढचे चालन ते नांगरणीला जोडतात आणि डांबरी रस्त्यावर सोडतात, कारण शेतात त्याने काम लवकर उरकते आणि रस्त्यावर पुढचे टायर झिजतात. तीच शिस्त एसयूव्हीला लावली की निम्मा प्रश्न सुटतो. फोर-एललाही लोक घाबरतात. खडकाळ चढावर वरच्या गुणोत्तरात अर्धा क्लच दाबून गाडी रेटत नेण्यापेक्षा फोर-एलमध्ये इंजिनाला सुखाने फिरू दिले तर क्लच वाचतो आणि इंधनही कमी जळते. अशा जागी किलोमीटरचा हिशेब तसाही लावता येत नाही. तेथे ताशी किती लिटर लागले तेच पाहावे लागते.

विजेवरच्या गाड्यांनी या चर्चेत मोलाचा पुरावा आणून दिला आहे. जून २०२५ मध्ये आलेल्या हॅरियर इव्हीचा ७५ किलोवॅट-तासांच्या बॅटरीचा मागच्या चाकांवर चालणारा प्रकार भारतीय चाचणीचक्रावर ६२७ किलोमीटर जातो, आणि दोन मोटरींचा, चारही चाकांचा प्रकार ६२२ किलोमीटर. फरक एका टक्क्याच्याही आत. तेथे मधला शाफ्ट नाही, ट्रान्सफर केस नाही, आणि गरज नसताना पुढच्या मोटरीवर भार देण्याचे कारण नाही. म्हणजे चार चाके चालवणे हे मुळात खर्चीक नसून, इंजिनाची ताकद एकाच ठिकाणाहून लोखंडी दांड्या आणि दात्यांमधून चार ठिकाणी पोहोचवणे खर्चीक आहे. हा फरक ध्यानात घेतला तर पुढच्या दहा वर्षांतल्या गाड्यांकडे पाहण्याची वाचकांची दृष्टीही बदलेल.

कायमस्वरूपी चारचाकी चालनाच्या गाड्यांबद्दल मी फारसे लिहिले नाही, कारण त्या आपल्याकडे महागड्या वर्गातच आहेत आणि त्यांच्या ग्राहकांसाठी इंधनखर्च हा निर्णायक मुद्दा नसतो. माझी चिंता आहे ती वाडी-वस्तीवर जाणारे डॉक्टर, बागायतदार, वनखात्यातले आणि वीजवितरणातले कर्मचारी अशा लोकांची, ज्यांना ही यंत्रणा खरोखर हवी असते आणि जे ऐकीव माहितीवरून ती टाळतात. शहरातून कधीच बाहेर न पडणाऱ्याने दिमाखासाठी फोर बाय फोर घेऊन वर्षाला चाळीस लिटर जास्त जाळावे, असेही मला वाटत नाही. त्याने दोन चाकांचाच प्रकार घ्यावा. शासनाच्या धोरणाशीही याचा संबंध आहे, कारण २०२२ पासून कंपन्यांनी विकलेल्या सर्व मोटारींच्या सरासरीवर किलोमीटरला ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची मर्यादा आहे, आणि विनाकारण विकलेली प्रत्येक जड गाडी त्या सरासरीत मोजली जाते.

म्हणून आपल्या पुरवणीकडे माझी काही ठोस मागणी आहे. एसयूव्हीचे परीक्षण छापताना दोन चाकांच्या आणि चार चाकांच्या प्रकारांचे प्रमाणित आकडे वेगवेगळे छापावेत, आणि कंपनीने एकच आकडा दिला असेल तर तो कोणत्या प्रकाराचा आहे हे विचारून लिहावे. किलोमीटर प्रतिलिटरबरोबर शंभर किलोमीटरला किती लिटर हेही द्यावे. आपल्या परीक्षकांनी टाकी काठोकाठ ते काठोकाठ भरून, त्याच पंपावर, अंतर जीपीएसने मोजून आणि टायर मूळ मापाचे ठेवून आकडे काढावेत. त्यात ताशी ८० आणि ताशी १०० या दोन स्थिर वेगांचे आकडे स्वतंत्र असावेत आणि दांडी कोणत्या जागी होती तेही नोंदवावे. वाहन चाचणीची देशातली प्रमुख संस्था एआरएआय १९६६ पासून पुण्यात आहे. तिथल्या तज्ज्ञांकडून चाचणीची पद्धत वाचकांना एकदा सविस्तर समजावून सांगता आली तर फार चांगले होईल. पावसाळा सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस, अशी एखादी जोडीने केलेली चाचणी प्रसिद्ध झाली तर त्या हंगामात गाडी घेणाऱ्या ग्रामीण वाचकाला ती वेळेवर उपयोगी पडेल.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, नाशिक